सोनबाने न लिहिलेली चिठ्ठी

सोनबा पहिल्यांदा माझ्या नजरेत भरला तो हडपसरला, शेजारच्या आनंदीबाईंच्या दहाव्याला. घाटावर सगळे कावळ्याची वाट पाहत होते आणि चाळिशीचा एक सडपातळ माणूस खाली मान घालून नातेवाइकांतून हिंडत होता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, आजींना नातवंडं किती? आन् आवड कशाची व्हती?"

मी म्हटलं, "सहा. आणि मोगऱ्याची." त्याने ते कागदाच्या कपट्यावर नेटक्या अक्षरात टिपलं.

थोड्या वेळाने नगरसेवक हिंदुराव आले. माइकसमोर उभे राहिले आणि न बघताच हात मागे केला. सोनबाने त्यात चिठ्ठी ठेवली. "मोगऱ्यावर पोटच्या पोरासारखी माया करणारी आमची आजी गेली," हिंदुराव भरल्या गळ्याने म्हणाले. आनंदीबाईंच्या सुना रडल्या. मीही रडले, आणि घरी येऊन माझा मलाच राग आला.

आमच्या भागात दहाव्याला पुढाऱ्याने येऊन दोन शब्द बोलायचे, हा रिवाजच. हिंदुरावांना आठवड्याला पाच-सहा दहावे असत. कोण गेलं, मुलं काय करतात, माणूस कसा होता, सगळं सोनबा गोळा करी. वीसेक वर्षं हेच, एका दिवसाची सुट्टी नाही. स्वतःला मुलगी झाली त्या दिवशीसुद्धा तो घाटावर होता. मी एकदा चिडून विचारलं, "अरे, तू त्यांचा कोण लागतोस?"

"बाई, माझ्याबिगर दादांचं पान हलत न्हाई," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

गेल्या वर्षी त्याची आई गेली, सरुबाई. हिंदुराव पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांना ऑफिस नव्हतं. सहा महिने सरुबाईच्या ओसरीवर बैठका झाल्या आणि हिंदुराव तिच्याच हातचं जेवले. दहाव्याच्या आदल्या दिवशी सोनबा मला म्हणाला, "उद्या चिठ्ठी देणार न्हाई. आईवर दादांना काय लिहून द्यायचं? मनचं दोन शब्द बोलतील. तेवढंच पायजे मला."

हिंदुराव आले, माइकसमोर उभे राहिले, हात मागे केला. सोनबा मुंडण करून, ओल्या धोतराने पिंडाशी बसला होता. हिंदुरावांच्या उघड्या हाताची बोटं दोनदा हलली.

"सोन्या, चिठ्ठी."

"आज न्हाई, दादा."

"अरे, मग बोलू काय?" माइक चालू होता. हिंदुराव सोनबाकडे वाकले. "निदान म्हातारीचं नाव तरी सांग."

साऱ्या घाटाने ऐकलं. सोनबा उठला. "सहा महिने जेवलास तिच्या हातचं! आन् नाव इचारतोस?" तो पुढे झाला. "हो बाजूला. माझ्या आईवर तू बोलू नगंस." त्याने माइकची वायर उपटून काढली. कार्यकर्ते धावले, तशी सोनबाची सासू प्रेमलाबाई आडवी झाली. "हात तर लावून बघा! समद्यांचं दहावं हितंच हुयाचं हाय!"

हिंदुराव गाडीत बसून निघून गेले.

त्यानंतर चौथ्या दिवशी मी सोनबाकडे गेले होते. बजरंग नावाचा एक कार्यकर्ता निरोप घेऊन आला: दुःखात बोललास, दादांनी माफ केलंय, सोमवारपासून ये.

"माफ? मला?" सोनबाचा आवाज चिरकला. "जा, सांग त्याला. मी न्हाई केलं."

बजरंग माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही समजवा की याला."

मी आयुष्यभर शाळेत मुलांना समजवत आले. त्या दिवशी म्हटलं, "चहा झाला असेल तर निघ."

हिंदुराव पुन्हा निवडून आले. आमच्या गल्लीतूनही त्यांना भरपूर मतं पडली. मला अजून त्याचा संताप येतो.

सोनबा आता मांजरी रस्त्यावर एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहे. त्याला रविवारी सुट्टी असते.