पिंट्याचं प्रोबेशन

वाळवंटातून आलेली गाडी कितीही झाडा, महिन्याभराने मॅटखालून मूठभर वाळू निघतेच. इथे आखातात, आमच्या अल मनखूल वस्तीतल्या मराठी ग्रुपमध्ये पिंट्याचे किस्से तसेच आहेत. संपले म्हणावं, तोवर कुणीतरी चहाचा कप खाली ठेवून म्हणतं, "अरे, ते सॉक्सचं सांग ना!"

पिंट्या म्हणजे जोशांचा कुत्रा. जोशी हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत मॅनेजर. कंपनीच्या गेटवर वॉचमनने वाढवलेला पिंट्या एक दिवस त्यांच्या गाडीत बसून थेट घरी आला. सुषमावहिनींनी दारातच अट घातली, "थंडी संपेपर्यंत प्रोबेशन. एक जरी कम्प्लेंट आली तर खलास! अजमानला, माझ्या भावाकडे."

"नोटीस पिरियड?" जोशांनी हळूच विचारलं.

"तुम्हालाही देऊ का?"

* * *

पहिल्याच रविवारी जोशी मंडळींनी आणि मी त्याला घेऊन वाळवंटातलं नॅशनल पार्क गाठलं. तिथे कुत्रा चालतो, पण पट्ट्याने बांधलेला. पट्टा राहिला घरी! जोशांनी डिकीतून ऑफिसचा टाय काढला आणि पिंट्याच्या गळ्यात बांधला. गेटवरच्या गार्डने टायवाल्या पिंट्याकडे पाहिलं, हाफ पँटमधल्या जोशांकडे पाहिलं, आणि कडक सलाम ठोकला तो पिंट्याला!

आत गेल्यावर त्यांचा मुलगा मिहीर ओरडतोय, "सिट, पिंट्या! सिट!" पिंट्या ढिम्म. जोशी म्हणाले, "बस रे राजा." तरी ढिम्म. शेवटी मी म्हटलं, "बैठ जा, यार." टुणकन बसला!

"बाबा, ही डझन्ट नो मराठी!" मिहीर म्हणाला.

वहिनी जोशांकडे बघत म्हणाल्या, "मराठी कळणारे तरी कुठे ऐकतात!"

* * *

पुढच्या खेपेला वाळू जरा तापलेली. पिंट्याने एक पाय खाली ठेवला आणि उलट्या पावली गाडीत जाऊन एसीसमोर तोंड धरून बसला.

"ही कम्प्लेंट धरायची का?" वहिनींनी विचारलं.

जोशांनी तत्काळ आपले दोन आणि माझे दोन सॉक्स पिंट्याला चढवले. स्वारी ऐटीत निघाली. खोटं सांगत नाही, त्या दिवशी अख्ख्या पार्कात एक हरीण दिसलं नाही. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे होता!

"धुवायला टाका म्हणून आठवडाभर सांगत होते," वहिनी म्हणाल्या.

* * *

प्रोबेशनचा शेवटचा रविवार. हरीण दिसलं. पिंट्यानेही पाहिलं. हरणाने एक पाऊल पुढे टाकलं मात्र, पिंट्याने टायमधून मान सोडवली आणि धूम! पुढे कुत्रा, मागे हरीण! उंचवट्यापलीकडे दोघंही गायब.

तासभर हाका मारल्या. वहिनींनी पुलावाचा डबा उघडला, पुन्हा बंद केला. "मला भूक नाही," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात पार्कची गाडी आली. पुढच्या सीटवर, एसीत, पिंट्या!

रेंजर उतरला. "खुला घूम रहा था. किसका है? आयडी दिखाओ."

जोशांचा व्हिसा त्याच महिन्यात रिन्यूअलला गेलेला, त्यात नावावर दंड नको! त्यांनी दूरवरच्या झाडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पता नहीं, भाईसाब."

पिंट्या काचेतून जोशांकडे बघून शेपूट हलवतोय!

वहिनी उठल्या. साडीवरची वाळू झटकली. पर्समधून आपलं आयडी काढून रेंजरच्या हातात दिलं. "हमारा है. घर का है."

रेंजरने आयडी पाहिलं, मग जोशांकडे बोट दाखवलं. "और ये?"

"ये?" वहिनींनी गाडीचं दार उघडून पिंट्याला कडेवर घेतलं. "पता नहीं, भाईसाब."