समोरच्या घरातली नदी

पाद्रीसाहेबांनी कप बशीत ठेवला आणि खूश होऊन मान डोलावली. "वा! ही आठवण फारच सुंदर आहे. उद्या हीच सांगतो."

"नका सांगू," नेटा म्हणाली. "असं काही घडलेलंच नाही."

विल्मा बहिणीकडे बघतच राहिली. आईला जाऊन चार दिवस झाले होते, उद्या दफन होतं. आमच्या ग्लासगोत दफनाच्या आधी पाद्री घरी येऊन बसतो, चहा पितो आणि गेलेल्या माणसाबद्दल विचारतो. बिचाऱ्याने त्या माणसाला बहुतेक वेळा पाहिलेलंही नसतं. तुम्ही सांगाल ते तो दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये सगळ्यांना सांगतो, आणि मग तेच त्या माणसाचं आयुष्य होऊन बसतं. त्यामुळे त्या चहाला फार जपून बोलावं लागतं.

विल्माकडे सांगण्यासारखं एकच होतं. आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी तिला मांडीवर घेऊन बसलेली आहे. काचेवर वाफ धरली आहे. आई बोटाने काचेवर जहाज काढते आणि त्या रेघांमधून, खाली लांबवर, क्लाइड नदीतलं खरंखुरं जहाज सरकत जातं. आई काहीतरी गुणगुणते आहे आणि तिच्या लोकरीच्या जाकिटाला साबणाचा वास येतो आहे. बस्स, एवढंच. पण त्या एवढ्याशाच्या जोरावर विल्माने साठ वर्षं आईला सांभाळून घेतलं होतं. कारण एरवी आई, म्हणजे जेसी, काय बाई होती! शाळेच्या स्वयंपाकघरात राबायची, घर आरशासारखं ठेवायची, आणि तोंड असं फटकळ की पोस्टमनही जिना चढताना विचार करायचा. पोरींना जवळ घेणं तिला जमायचंच नाही. कुणी आईला नावं ठेवली की विल्मा मनात म्हणायची, तुम्हाला काय माहीत, माझ्या आईने मला मांडीवर बसवून जहाजं दाखवली आहेत.

"घडलेलं नाही म्हणजे?" विल्मा म्हणाली. "मला स्वच्छ आठवतंय."

"आपल्या घरातून नदी दिसायचीच नाही. डोंगर दिसायचे. कॅम्पसीचे."

"डोंगर? कुठले डोंगर? वेड लागलंय का तुला?"

"विल्मे, मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे. ते घर सोडलं तेव्हा तू जेमतेम पाच वर्षांची होतीस. मला ठाऊक आहे."

"मोठी आहेस म्हणून काय नदी उचलून दुसरीकडे ठेवशील?"

पाद्रीसाहेबांनी हळूच घड्याळ पाहिलं. "तुम्ही दोघी बोलून घ्या. उद्या सकाळपर्यंत फोन करा, म्हणजे झालं," असं म्हणून ते उठले. जाताना एक बिस्किट उचलायला विसरले नाहीत.

ते गेल्यावर विल्माने कोट चढवला. "चल. जाऊन बघूया. इमारत अजून उभी आहे."

"कशाला ते उकरायचं?"

"कारण उद्या माझ्या आईबद्दल खोटं बोललं जाणार की खरं, ते मला कळायला हवं. आणि ते खोटं असेल तर माझ्याकडे तिचं काय उरतं, सांग बघू?"

नेटाही निघाली.

इमारत पुढच्या वर्षी पाडणार होते. पाडा, पाडा! आम्हाला जुन्या चाळींतून उचलून या उंच खोक्यात कोंबलं तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर सुरुवातीला सगळे हरखून गेले होते. घरात संडास, नळाला गरम पाणी, भिंतीत कपाटं! बायका नुसत्याच नळ सोडून हात धरून उभ्या राहायच्या. वारा सुटला की संडासातलं पाणी हिंदकळायचं, त्याचीसुद्धा मजा वाटायची. विल्माला हे सगळं आठवत होतं. खाली गवतावर 'चेंडू खेळू नये' अशी पाटी होती आणि त्या पाटीचाच गोलपोस्ट करून पोरं चेंडू खेळायची, हेही आठवत होतं. मग नदीच कशी काय चुकेल?

इमारतीला दोन लिफ्ट. एक विषम मजल्यांवर थांबायची, दुसरी सम. कुणा शहाण्याच्या डोक्यातून निघालं होतं देव जाणे, पण त्यामुळे आमच्यात दोन जातीच पडल्या. अकराव्या मजल्यावरची माणसं नवव्याला ओळखायची, तेराव्याच्या लग्नाला जायची, पण डोक्यावरच्या बाराव्यावर कोण राहतं हे त्यांना शपथेवर सांगता आलं नसतं. आणि सगळे मजले एकसारखे, दारांचा रंग एक, आतलं स्वयंपाकघर सारखं. दिवसा कुणी कडी लावायचं नाही. त्यामुळे घर चुकणं हा आमच्याकडे रोजचा खेळ होता. विल्माचे वडील आर्ची एकदा नवव्या मजल्यावर शिरले, टोपी अडकवली, खुर्चीत बसले आणि "आज काय केलंय?" म्हणाले. त्या घरच्या बाईने आधी त्यांना सूप वाढलं आणि ते संपल्यावर सांगितलं, "आर्ची, दोन मजले वर जा आता." आर्ची वर जाऊन घरचंही सूप प्यायले, कारण जेसीला कळलं असतं तर धडगत नव्हती.

आज विषम लिफ्ट बंद होती. दोघी समने बाराव्यावर गेल्या. विल्माने आयुष्यात प्रथम त्या मजल्यावर पाय ठेवला आणि उगाचच चोरासारखं वाटून ती भराभर जिना उतरली. अकराव्यावर चार दारं. तिला विचार करावाच लागला नाही. पाय आपणहून डावीकडे वळले आणि तिने दार ठोठावलं.

दार उघडलं ते लेमलेम नावाच्या एका एरिट्रियन बाईने. कडेवर बाळ, खांद्यावर टॉवेल. विल्माने अडखळत सांगितलं, की आम्ही लहानपणी इथे राहायचो, आई गेली, फक्त एकदा खिडकीतून बघायचं होतं.

"या ना, या. माझ्याकडे रोज कुणी ना कुणी चुकून येतंच," ती हसून म्हणाली. "कॉफी टाकते."

विल्मा थेट स्वयंपाकघरात गेली. भिंतीतली ताटं सरकवायची छोटी खिडकी तशीच होती. आणि समोर काच, आणि काचेपलीकडे नदी! गोदीतल्या क्रेन जाऊन काचेच्या इमारती आल्या होत्या, पण ते वळण तेच होतं. तिला इतका आनंद झाला की ती ओरडलीच, "नेटा! ये इकडे! बघ, ही काय नदी! डोंगर म्हणे! मी सांगत होते की नाही?"

नेटा आलीच नाही.

विल्मा परत दाराशी आली. नेटा बाहेरच उभी होती, जिन्याच्या पलीकडे, समोरच्या दारापाशी. घर रिकामं म्हणून त्या दारावर नगर कौन्सिलने पत्रा ठोकलेला होता. नेटाने त्या पत्र्यावर हात ठेवला होता.

"विल्मा," ती म्हणाली, "आपलं दार हे आहे."

विल्माला काहीच उमगेना. तिने त्या दाराकडे पाहिलं, मग मागे वळून नदीकडे, मग पुन्हा दाराकडे. "मग हे कुणाचं?"

"एलाचं."

"एला कोण?"

"तुला खरंच आठवत नाही?" नेटाने खालचा ओठ चावला. "आईने मला शपथ घातली होती गं. पण आता आईच नाही, तर शपथ कसली पाळू?"

आणि तिने तिथेच, बंद दाराला पाठ लावून सांगितलं. विल्मा तीन वर्षांची असताना आईला मुलगा झाला होता. तो जगला नाही. त्यानंतर आई खुर्चीत बसून राहायला लागली. जेवण नाही, बोलणं नाही. तिला शहराबाहेरच्या इस्पितळात नेलं, आणि ती जवळजवळ वर्षभर तिथे होती. तसल्या इस्पितळाचं नाव तेव्हा कुणी मोठ्याने घ्यायचं नाही. आर्चीला गोदीत कामावर जावं लागे, नेटाला शाळेत. समोरच्या एलाला मूलबाळ नव्हतं. ती म्हणाली, धाकटीला माझ्याकडे द्या.

"म्हणजे ती मांडी..." विल्मा म्हणाली.

"एलाची."

"आणि ते जहाज, ते गुणगुणणं..."

"तिचा नवरा बोटीवर होता. जहाजांवाचून दुसरं काही तिला सुचायचंच नाही."

विल्मा मटकन पायरीवर बसली. डोक्याचा नुसता भुगा झाला होता. तिने डोळे मिटून ती मांडी पुन्हा आठवून पाहिली आणि मान वर करून त्या बाईचा चेहरा बघायचा प्रयत्न केला. एकदा आईचा चेहरा यायचा, एकदा कुणाचाच नाही. वासही नक्की कुणाच्या जाकिटाचा होता? साबण तर सगळ्यांचा एकच होता. लेमलेम कॉफीचे छोटे कप घेऊन बाहेर आली, दोघींची तोंडं पाहून तिने ते पायरीवर ठेवले आणि आत जाऊन दार अर्धवट लोटून घेतलं.

"मग माझ्याजवळ आईचं काहीच नाही," विल्मा म्हणाली. "साठ वर्षं मी दुसऱ्याच बाईला..."

"ऐकून तरी घे," नेटा म्हणाली. "आई घरी आली त्या दिवशी मी तिथेच होते. एलाच्या स्वयंपाकघरात. तू खाली जमिनीवर चमच्यांशी खेळत होतीस. बाबांनी दार ढकललं. आई आत आली, कोट घातलेली, डोक्यावर हॅट. इतकी बारीक झाली होती की मीच आधी ओळखलं नाही. एला म्हणाली, 'बघ गं कोण आलंय!' तू उठलीस आणि जाऊन एलाचा एप्रन धरलास. आणि एलाला विचारलंस, 'आई, ही बाई कोण?'"

विल्माने तोंडावर हात ठेवला.

"एला पांढरी फटक पडली. बाबा भिंतीकडे बघायला लागले. मला वाटलं, आता आई कोसळणार, हिला परत न्यावं लागणार. पण आई काय म्हणाली माहितेय? म्हणाली, 'मी समोरची. चहाला आलेय. बसू का?'"

"मग?"

"तू म्हणालीस, बस. ती बसली. कोटसुद्धा काढला नाही. तुझ्याशी पाहुण्यासारखं बोलली, चहा प्यायली, 'थँक्यू' म्हणून गेली. समोरच्या घरात गेल्यावर मात्र जे काही झालं ते मी तुला सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, दार वाजवून. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आपल्या मजल्यावर दार कुणी वाजवतं का? पण ती वाजवायची. पाहुणी ना! कितीतरी दिवस चाललं हे. एला रडायची, म्हणायची, जेसी, उचल आणि घेऊन जा पोरीला, तुझीच आहे. आई म्हणायची, नको, ती घाबरेल. शेवटी एक दिवस तूच कंबरेवर हात ठेवून म्हणालीस, 'तू रोज इकडेच येतेस, तुला घर नाही का?' आई म्हणाली, 'आहे की. बघायचंय?' तू तिचं बोट धरून समोर गेलीस. खण उघडलास तर चमचे त्याच खणात. ताटाची खिडकी तिथेच. मग तुला काही वेगळं वाटलंच नाही. फक्त बाहेर बघून तू विचारलंस, नदी कुणी नेली?"

विल्माला हसू आलं आणि त्याच श्वासात हुंदका. तिने आठवणीत कुठे कुठे हात घालून पाहिला. कोटातली बाई, हॅट, चहा, धरलेलं बोट. काही म्हणजे काही हाती लागेना. ज्या बाईने आपल्याला मांडीवर घेतलं तिचा चेहरा नाही, आणि जिने दार वाजवलं तिचं दारही आठवत नाही. आपण नेमकं कुणासाठी रडतो आहोत हे तिचं तिलाच कळेना.

"एलाचं काय झालं?"

"कॅनडाला गेली नवऱ्याबरोबर. मला वाटतं मुद्दामच गेली. तू दोन दिवस दाराशी बसून होतीस. तिसऱ्या दिवशी रात्रीचं जेवण झाल्यावर तू आईला म्हणालीस..." नेटा थांबली.

"काय म्हणाले मी? सांग ना."

"म्हणालीस, 'एला गेली. आता तू पण तुझ्या घरी जा.'"

खाली कुठेतरी सम लिफ्टचं दार आपटलं. "असं म्हणाले मी? तिला?"

"चार वर्षांची होतीस गं."

"आणि ती? ओरडली असेल. आईच ती."

"नाही ओरडली. म्हणाली, 'जाते हं. एवढी भांडी घासून होऊ देत.' आणि घासत बसली. मी पुसायला उभी होते. तू झोपलीस तरी ती घासतच होती. धुतलेली बशी पुन्हा पाण्यात घालायची आणि पुन्हा घासायची. मी म्हटलं, आई, झाली की सगळी. तर म्हणाली, 'गप. झाली असं म्हणू नकोस.'"

विल्माने फोन काढला. पाद्रीसाहेबांनी लगेच उचलला. "मग? नदी होती की डोंगर?" त्यांनी विचारलं.

"नदीचं राहू द्या," ती म्हणाली. "उद्या तुम्ही काही सांगू नका. मी बोलेन." आणि पुढचं काही सांगता येईना, म्हणून तिने फोन तसाच नेटाच्या हातात दिला.