ज्याचं त्याला

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी केमिस्ट्रीची पदवीधर, घराण्यातली पहिली. मला शिकवणाऱ्या प्रत्येक सरांची ऋणी आहे. आमच्या घरी बुद्धवंदना होते, अंगारे-धुपारे नाहीत. तरीही गेल्या वर्षी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते...

नवऱ्यापासून वेगळी होऊन दोन वर्षं झाली होती. मैत्रिणीशी फोनवर मोठ्यानं हसले, म्हणून त्यानं तापलेलं उलथनं माझ्या डाव्या हातावर दाबलं होतं. डाग राहिला — उलथन्याच्या तुटक्या कोपऱ्यासकट. हसणं गेलं. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत, कंपनीच्या लॅबमध्ये मी भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या घालायचे.

लॅबमधल्या एका मॅडमनी चिकलठाण्यातला तंत्रसाधनेचा वर्ग सुचवला. आई भडकली. "एवढं शिकून आता करणी करायला चालली व्हय?"

वर्ग घेणाऱ्या ताईंना ते सांगितलं, तर त्या हसल्या. "करणी दुसऱ्यावर करतात. इथं फक्त स्वतःचे लाड!"

साधना सोपी होती. एकवीस दिवस सकाळी सहाला अंगाला कोमट तिळाचं तेल चोळायचं आणि प्रत्येक अवयवाला हात लावून म्हणायचं, "हे माझं." पाय, पोट, गळा... सगळं जमलं. डागावर जीभ अडायची. ताई म्हणायच्या, "त्यालाही जवळ घ्या." मी मात्र दात खाऊन म्हणायचे, "हे माझं नाही. ज्याचं त्याला." रोज हीच चूक. खरं सांगते, मुद्दाम.

डाग फिकट होत गेला. मला वाटलं, तेलाचा गुण. एकविसाव्या दिवशी हात स्वच्छ!

त्याच रविवारी बिनबाह्यांच्या ब्लाउजचं कापड घ्यायला गुलमंडीत गेले. दुकानदार म्हणाले, "ताई, बाह्यांचं कापड वाचलं, त्यात साहेबांना रुमाल शिवा!" आणि मी खळखळून हसले... दोन वर्षांनी.

"वहिनी?" मागून आवाज आला. धाकटी नणंद, सारिका. तिनं माझा हात पाहिला आणि तिचा चेहराच उतरला. "डाग कुठं गेला?"

तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. तिच्या दादाचा डावा हात. तोच डाग, तोच तुटका कोपरा.

"कुठं भाजलंच नाय, वहिनी. रोज सकाळी सहाला लई आग होते त्याला. डॉक्टर थकले. तुम्ही काय लावलं, सांगा ना."

मी खरं तेच सांगितलं. "तिळाचं तेल. आणि 'हे माझं' म्हणायचं."

"एवढंच?"

"एवढंच. पण आधी कुणी भाजलं, कुणाला, कशासाठी, ते सगळं तुमच्या आईसमोर मोठ्यानं सांगायचं. मग म्हणायचं."

ही शेवटची अट साधनेत नव्हती. ती माझी.

त्याला ते अजून म्हणता आलेलं नाही. एका कातडीवरचा डाग दुसऱ्या कातडीवर कसा जातो, हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही.

परवा सकाळी सारिकाचा फोन आला. मागं तो कण्हत होता. "वहिनी, एकदा येऊन नुसता हात तरी फिरवा."

"पोहे गार होतील गं," मी म्हणाले, आणि वर लिंबू पिळलं.