चक्रीवरचा हात

सांगलीत नानासो शिंद्यांच्या कारखान्यात सायकलच्या घंट्यांना निकेलचा मुलामा देत. तिथं मनुबाई बनसोडेला एकच काम होतं. रेक्टिफायरपुढं बसायचं, करंटच्या काट्यावर नजर ठेवायची आणि चक्री फिरवायची. तारेतली वीज त्या पेटीतून पालटून मुलाम्याच्या टाकीत जायची. शेजारची तेलघाणी सुरू झाली की वीज मंदावायची, काटा घसरायचा, मग मनुबाई चक्री पुढं सारायची. करंट कमी पडला तर घंटी मळकट निघायची, जास्त झाला तर कडेनं करपायची. जागचं उठायची सोय नव्हती. उजवा हात चक्रीवर ठेवून चहासुद्धा ती डाव्या हातानं प्यायची.

ती दहिवडीकडची. नवरा मुंबईच्या गोदीत. वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी मुलगी झाली होती. तिला शिकवायची म्हणून मनुबाई सांगलीत येऊन राहिली होती.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात नानासोंचा भाचा गंगाधर पुण्याहून डिप्लोमा करून आला. मुंबईहून त्यानं वीज कमीजास्त करणारे थायरिस्टर मागवले आणि नवी पेटी जोडायला घेतली.

"ही पेटी टाकीत किती करंट जातोय ते स्वतःच बघणार," तो मनुबाईला सांगत होता. "कमी पडला की वाढवणार, वाढला की कमी करणार."

मनुबाईनं विचारलं, "म्हंजे मी करते त्येच की?"

"तेच."

"मग म्या काय करायचं, दादा?"

 गंगाधर खाली मान घालून तारा जोडत राहिला.

पेटी चालू केली त्या दिवशी घाणी सुरू झाली, काटा पडला आणि पेटीनं तो असा वर फेकला की पार पुढं गेला. तिथून खाली, पुन्हा वर. काटा झोके घेत राहिला. टाकीतल्या घंट्या काळ्या पडल्या. "उचला ती पेटी," एवढंच नानासो म्हणाले.

मनुबाई परत चक्रीवर बसली. काम राहिलं म्हणून तिला बरं वाटलं, आणि गंगाधरचा उतरलेला चेहरा बघून वाईटही वाटलं. त्यानं मात्र पेटी सोडली नाही. ती पेटी फार उतावीळ आहे हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्यानं तिचा जोर कमी केला, तिनं काटा दमानं सावरावा अशी जोडणी केली.

आठवड्याभरानं पुन्हा चाचणी झाली. घाणी सुरू झाली. काटा थोडा दबला आणि सावकाश जागेवर येऊन थांबला. मनुबाईचा हात सवयीनं पुढं गेला होता. नव्या पेटीला चक्रीच नव्हती.

तिनं हात मागं घेतला, पदर खोचला आणि नानासोंपुढं जाऊन उभी राहिली. "मालक, मला टाकीवर घ्या."

"ते बाप्यांचं काम हाय, मनुबाई."

टाकीवरचा कोंडीबा घंट्या टांगलेली चौकट उचलत होता. तो म्हणाला, "येऊ द्या की. आता घंट्या करपायच्या न्हाईत, माल वाढनार. माज्या एकट्याच्यानं उरकायचं न्हाई."

नानासोंनी खुंटीवरचे रबरी मोजे काढून तिच्यापुढं धरले. "हातमोजे घाल. अॅसिड हाय ते."

पहिल्या आठवड्यात तिच्या दोन साड्यांना भोकं पडली. श्रावणापर्यंत ती कोंडीबाच्या बरोबरीनं माल काढू लागली होती. जेवणाच्या सुट्टीत ती आता बाहेर कडुलिंबाखाली बसायची, भाकरी उजव्या हातानं मोडायची, आणि गंगाधर शेजारून गेला की म्हणायची, "दादा, बसा की. घास खावा."