केतकीची कंपनी आणि माझं गाऱ्हाणं

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. मी असा काही गाढवपणा केलाय की हसताना अंगावर सांडेल. मी नोकरी कसली केली ते मात्र शेवटी सांगणार. आत्ता सांगितलं तर तुम्ही पुढचं ऐकणारच नाही.

आमची केतकी एकुलती एक. कॉलेज इथेच रत्नागिरीत केलं, पुढचं शिकायला पुण्याला गेली आणि चक्क परत आली. हापूस न कापता आत साका आहे का ते ओळखणारं यंत्र तिच्या मित्रांनी बनवलंय, त्याचा व्यवहार ही बघते. साक्याचा आंबा म्हणजे वरून देखणा आणि आतून पांढरा पडलेला. अशी माणसंही असतात, पण त्यांच्यासाठी यंत्र अजून निघालेलं नाही.

तर एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, कंपनी अमेरिकेत करायचं ठरलं. तिथे डेलावेअर म्हणून एक छोटं राज्य आहे..."

मी म्हटलं, "छान." आणि हात धुवायला उठलो. वाटीतली सोलकढी तशीच राहिली. पोर चालली, एवढंच मला कळलं. पुढचं ऐकायला थांबलो असतो तर हा किस्साच झाला नसता.

हिला, म्हणजे केतकीच्या आईला, सांगितलं. हिनं लगेच कुळीथ भाजायला घेतले. म्हणाली, "तिकडे पिठी कोण करून घालणार तिला?" शेजारच्या वहिनींनी लोकरीची टोपी विणायला घेतली. नाक्यावरचा रिक्षावाला विचारायला लागला, "काका, ताई कधी जाणार?" आणि केतकी? ती माडीवर कामात. तिच्या कानावर यातलं काहीच नाही.

"जाऊ नको" असं सरळ म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. बाप आडवा आला असं तिला वाटायला नको होतं. म्हणून मी आडवा आलो, पण देवामार्फत.

सकाळची एसटी धरून लांज्याला गेलो, तिथून आमच्या गावी. देवळात नारळ ठेवला आणि गुरवांना म्हटलं, गाऱ्हाणं घाला.

"काय सांगायचा देवाला?"

"अमेरिकेचं काम अडू दे म्हणावं."

गुरवांनी सूर लावला, "बा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराची पोर लांब मुलखात निघालीय, तिचा तितला काम अडव रं म्हाराजा."

देवळात टेकलेली मंडळी एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

आणि खरंच अडलं हो. थोड्याच दिवसांत केतकीचे कागद तिकडून परत आले. मी मनातल्या मनात देवाला हात जोडत माडीवर गेलो, तर पोर डोळे पुसत बसलेली.

"बाबा, तिथली नोंदणी झाली नाही तर पैसे घालणारे मागे फिरतील. मग मला पुण्यात नोकरी धरावी लागेल. इथलं ऑफिस राहिलंच."

"इथलं? कुठलं इथलं?"

"या खोलीतलं. त्या दिवशी तेच सांगत होते, तर तुम्ही उठून गेलात."

मी तिच्यासमोर बसलो. कुळीथ, टोपी, गाऱ्हाणं, सगळं कबूल केलं. ती आधी हसली, मग रडली. मीही रडलो.

"जाऊ नको, एवढं मला म्हणायचंत ना," ती म्हणाली.

"पण कंपनी रत्नागिरीत नोंदवता येत नाही का?"

"येते की. पण आपली जमिनीची केस आठवा. आजोबांनी लावली, अजून तारखा पडतायत. तिथे कंपन्यांच्या भांडणांसाठी वेगळं कोर्ट आहे. कायदा जुना, आधीचे निकाल भरपूर, त्यामुळे उद्या वाद झाला तर काय होईल याचा अंदाज असतो. पैसे घालणाऱ्याला तेच हवं असतं. कंपनीचं नाव तिथे, माणसं इथे."

माझा चेहरा बघून तिनं दुसरीकडून सुरुवात केली. "बरं, रत्नागिरीत देवळं कमी आहेत? मग एसटीचे धक्के खात गावी का गेलात?"

"अगं, तो देव आपल्या घराण्याला ओळखतो. गुरवांना गाऱ्हाण्याची रीत पाठ आहे. आणि तिथे निकाल लवकर लागतो."

"मग?" ती म्हणाली.

मग काय, दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं गावी. गुरव डोकं खाजवत म्हणाले, "तवा अडव म्हटलंव, आता सोड म्हणू? देव इचारील, तुमचा काय ता एकदा ठरवा." तरी घातलं बिचाऱ्यांनी गाऱ्हाणं. या वेळी "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणालो.

नोंदणी झाली. देवानं केली की केतकीनं राहिलेली सही केली, याची मी चौकशी केलेली नाही. आता माडीवर तिचं ऑफिस आहे. कुळथाची पिठी जिना चढून वर जाते, त्यापुढे कुठे जात नाही. टोपी मी घालतो.

राहता राहिली माझी नोकरी. मी कॉलेजात कॉमर्स शिकवायचो. कंपनीची नोंदणी एकीकडे आणि कामकाज दुसरीकडे असू शकतं, हे दरवर्षी मी स्वतः फळ्यावर लिहून द्यायचो. आणि पहिल्या बाकावर बसून ते उतरवून घेणारी मुलगी कोण, ते आता वेगळं सांगायला हवं का?