उपवासाला चालते

मित्रांनो, आज दुपारी इथे आयर्लंडमध्ये, मेनूथला कॉलेजच्या फुटबॉल मॅचला मी गेटवर खाणं आणि पाणी वाटत होतो. मुलांनी रिकाम्या पोटी दारू पिऊ नये, म्हणून ते टेबल असतं.

माझा रूममेट ओंकार डुलतच आला. मी सँडविच पुढे केलं.

"नको दादा, संकष्टी आहे. आईला शब्द दिलाय."

"आणि दारू?"

"वोडका बटाट्याची आहे. उपवासाला चालते!"

मी हसलो आणि त्याला आत सोडलं.

हाफटाइमला तो कोसळला. हॉस्पिटलमध्ये आहे, अजून शुद्धीवर आलेला नाही. पुण्यात चंद्र उगवला असेल. 'जेवलास का' विचारायला त्याची आई सारखा फोन करतेय. मला उचलवत नाही.

टेबलावर केळीही होती. उपवासाला चालणारी. मला तेव्हा ती का दिसली नाहीत?