पाचवा स्वार

सीटकाकांना मी बसलेलं फार क्वचित पाहिलं, आणि या माणसाने चाळीस वर्षं मोटारींच्या सीट बनवण्याची नोकरी केली. डेट्रॉइटच्या आसपासच्या रस्त्यांवर आजही कितीतरी लोक त्यांनी ठरवलेल्या उंचीवर, त्यांनी निवडलेल्या फोमवर आरामात बसून ऑफिसला जातात. त्यांचं स्वतःचं बूड मात्र कुठे टेकेल तर शपथ. मीटिंगमध्ये ते खिडकीपाशी उभे असत. जेवताना ताट हातात घेऊन किचन ते हॉल अशा फेऱ्या चालत. इथल्या महाराष्ट्र मंडळाचं नाटक असलं की शाळेच्या ऑडिटोरियममध्ये मागच्या दाराला पाठ टेकून उभे. नाटक कसं झालं हे विचारलं तर म्हणायचे, "मी प्रेक्षकांकडे बघत होतो. दुसऱ्या अंकात निम्मे लोक चुळबुळत होते. नाटक पडलं." मंडळाचे लोक या बाबतीत त्यांना फार विचारायला जात नसत.

मी मूळचा नागपूरचा. इथे एमएस केलं आणि पहिली नोकरी डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला, काकांच्या हाताखाली लागली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला लॅबमधल्या एका नुसत्या सीटवर दोन तास बसवलं. पुढे ना स्टिअरिंग, ना काच, फक्त भिंत. मग येऊन विचारलं, काय आठवतंय? मी हुशारी दाखवायला पाठीचा आधार, मांडीखालचा उंचवटा, डाव्या बाजूची शिवण असं सगळं घडाघडा सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे सीट नापास. चांगली सीट आठवत नाही." घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही ते हाच नियम लावतात, असं काकू नंतर मला म्हणाल्या होत्या.

त्यांच्या घरी गेलं की पहिल्यांदा नजर जायची ती हॉलच्या भिंतीवर. तिथे काळ्या लाकडी चौकटींत चार जुनी इंग्रजी चित्रं होती, दोनशे वर्षांपूर्वीची असावीत. चारही चित्रांत घोड्यावर बसता न येणारी माणसं. पहिल्यात एक गुबगुबीत दुकानदार घोड्याच्या गळ्याला मिठी मारून लोंबकळतोय, त्याचा केसांचा टोप मागे पडलाय आणि एका कुत्र्याने तो उचललाय. दुसऱ्यात एक काटकुळा कारकून दोन्ही हातांनी लगाम असा खेचतोय की घोडा मागे मागे चालत कुंभाराच्या दुकानात शिरलाय. तिसऱ्यातला तरुण नखशिखांत नटलेला, बूट, चाबूक, सगळं. घोडा रस्त्यात थांबून गवत खातोय, आणि हा असा दूरवर बघतोय की जणू निसर्ग बघायला आपणच थांबवला. चौथा पडून चुकलाय. चिखलात बसलाय, पण टोपी डोक्यावर, लगाम हातात आणि बोट वर करून बघ्यांना काहीतरी समजावून सांगतोय.

काकांचं सगळं तत्त्वज्ञान या चौघांत मावलं होतं. ओळखीचा कुणीही असो, ते त्याला चारांपैकी एका घोड्यावर चढवत. मंडळाचे अध्यक्ष तिसरे. आमचा डायरेक्टर चौथा, कारण प्रोजेक्ट बुडाल्यावर त्याची प्रेझेंटेशन सगळ्यात चांगली होत. मी दुसरा. पहिल्या हिवाळ्यात बर्फावरून माझी गाडी घसरली होती आणि तेव्हापासून मी स्टिअरिंग असं धरायचो की बोटं पांढरी पडायची. काकांनी मला लगामराव हे नाव ठेवलं. ते फक्त ड्रायव्हिंगपुरतं नव्हतं. नोकरी बदलू का, घर घेऊ का, परत जाऊ का, असं मी वर्षानुवर्षं खेचत राहिलो होतो आणि मागे मागे जात राहिलो होतो, हे त्यांना बरोबर दिसत होतं. मला राग यायचा. मग घरी जाऊन वाटायचं, बोलले ते खरं.

पाचव्या चौकटीत गणपती होता. त्यामागची गोष्ट काकू प्रत्येक नव्या माणसाला सांगत आणि काका त्या वेळी उठून नव्हे, कारण उभेच असत, पण दुसऱ्या खोलीत जात. झालं होतं असं. घरातलं म्हातारं माणूस गेलं की इथे मुलं घर उघडं टाकतात आणि सगळं सामान विकायला मांडतात. नोव्हायला घर घेतलं तेव्हा काकू अशाच एका एस्टेट सेलमधून पाच चौकटी घेऊन आल्या. चित्रं बघितलीच नव्हती. चौकटी दणकट होत्या, देवाला आणि घरच्या फोटोंना बऱ्या, एवढाच हिशेब. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत. काकांना दम कुठला? त्यांनी उभ्या उभ्या पहिली हाताला लागली ती चौकट मागून उघडली, आतला कागद रद्दीत टाकला, गणपती बसवला, आणि दारात रिसायकलची गाडी आली म्हणून रद्दी पळत जाऊन देऊनही आले. मग दुसरी चौकट उघडायला घेतली आणि ती उलटी करताना त्यांना टोप उचलणारा कुत्रा दिसला.

चारही चित्रांच्या कोपऱ्यात बारीक आकडे होते, एक ते चार. गेला तो पाचवा होता. काकांनी त्याची फक्त पाठ पाहिली होती, पिवळट कोरा कागद. तो कसा बसला होता, कसा पडत होता, ते या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. काकू एवढंच म्हणायच्या, "पाच मिनिटं खाली बसून बघितलं असतंत, तर तो आज भिंतीवर असता."

तेव्हापासून काकांच्या पायाला जी भिंगरी होती तिला एक दिशा मिळाली. दर शनिवारी सकाळी ते एस्टेट सेल पालथे घालत. केतकी, त्यांची मुलगी, आता सनीव्हेलला चिप डिझाइन करते. तिने कॉलेजात असताना वेगवेगळ्या म्युझियमच्या वेबसाइटवरून असली शेकडो चित्रं काढून दिली. काका एकेक बघायचे आणि म्हणायचे, हा नव्हे. कागद वेगळा, अक्षर वेगळं. न पाहिलेला माणूस हे ओळखणार कसा, हा काकूंचा प्रश्न. मी एकदा म्हटलं, काका, चौघे आहेत ना, पुरे झालं. ते म्हणाले, "अरे, घाबरला तो झाला, खेचणारा झाला, सोंग घेणारा झाला, पडून वर बोलणारा झाला. अजून माणूस काय करू शकतो, ते त्या पाचव्यात होतं." आणि पुन्हा फेऱ्या सुरू.

रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं. हे आठवलं की आजही माझं मन आंबतं. ज्या माणसाला आयुष्यभर बसायचं नव्हतं, त्याला आता बसावं लागलं, आणि बसला तरी अंग त्याला स्वस्थ बसू देईना. चालताना दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबत. गाडीची किल्ली गेली, शनिवार गेले. सोफ्यावर बसून ते समोरच्या भिंतीकडे बघत राहत. मी भेटायला गेलो की दहा मिनिटांत निघायचा बहाणा शोधायचो. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

एका एप्रिलमध्ये त्यांच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलं की तासाभराच्या अंतरावर एक फार्म आहे, तिथे तोल जाणाऱ्या माणसांना घोड्यावर बसवतात. घोडा हळू चालतो, दोन्ही बाजूंना माणसं असतात, पाठीला आणि कमरेला व्यायाम होतो. काकांनी त्याच संध्याकाळी मला फोन केला. म्हणाले, तू ने. सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने घोड्याला कधी हातसुद्धा लावला नव्हता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी केतकीचा फोन आला. ती चिडलेली होती, म्हणजे घाबरलेली होती. "विनयदादा, यू आर अ‍ॅन इंजिनिअर. ही विल फॉल. बेसिक फिजिक्स आहे." तिचं चूक नव्हतं. काका त्या महिन्यात बाथरूममध्ये दोनदा पडले होते, दुसऱ्यांदा मनगटाला प्लास्टर घालायची वेळ थोडक्यात टळली होती. घोड्यावरून पडले असते तर पुन्हा उठलेच नसते, आणि नेलं कोणी, तर मी. मी माझ्या स्वभावाप्रमाणे लगाम खेचला. काकांना म्हटलं, उन्हाळ्यात बघू. डॉक्टरांना विचारू. केतकी आली की ठरवू.

काका सोफ्यावरून उठायचा प्रयत्न करत होते. तिसऱ्या प्रयत्नात उभे राहिले, भिंतीला हात लावला आणि माझ्याकडे न बघता बोलले.

"तीस वर्षं या लोकांना हसलो, विनय. उभा राहून हसलो. स्वतः एकदाही चढलो नाही. हे बरोबर नाही."

काकू किचनमधून आल्या. हात पुसत म्हणाल्या, "केतकीशी मी बोलते. पडले तर पडले. घरात पडतातच आहेत. तिथे निदान हवा तरी असेल."

शनिवारी आम्ही निघालो. काका माझ्या शेजारी, काकू मागे दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन. तासभर काका माझ्या गाडीच्या सीटला नावं ठेवत होते. ती त्यांच्याच टीमने केलेली होती हे मी सांगितलं, तर म्हणाले, मी सुट्टीवर असताना केली असेल. फार्मची बाई साठीची, पांढऱ्या वेणीची, कमी बोलणारी. घोडी म्हातारी, करड्या रंगाची, पेनी नावाची. लाकडी उतरणीवरून काकांना तिच्या पाठीइतक्या उंचीवर चढवलं आणि तिघांनी मिळून बसवलं. डोक्यावर हेल्मेट. ती बाई घोडी धरून पुढे, उजवीकडे तिचा मदतनीस, डावीकडे मी, एक हात काकांच्या गुडघ्यावर आणि दुसरा पाठीला ठेवून. काकू कुंपणाबाहेर फोन घेऊन उभ्या होत्या, केतकीला फोटो पाठवायचं कबूल केलं होतं म्हणून.

पेनीने पहिलं पाऊल टाकलं आणि काकांनी पुढे वाकून तिच्या गळ्याला मिठी मारली. मला मनात म्हणणं भाग पडलं: एक. त्या बाईने त्यांना हळूहळू सरळ केलं, तर त्यांनी लगाम दोन्ही हातांनी छातीपर्यंत ओढला आणि पेनी बिचारी दोन पावलं मागे आली. दोन. बाई म्हणाली, सैल सोड. काकांनी सोडला, तर पेनी सरळ कुंपणापाशी गेली आणि गवत खायला लागली. काका ताठ बसून दूरच्या झाडांकडे बघायला लागले. अगदी तसेच. तीन. मला हसू येत होतं, पण आता राहिला होता तो चौथा, पडलेला. त्यांच्या गुडघ्यावरचा माझा हात मी इतका दाबला की ते म्हणाले, "लगामराव, हाड मोडेल."

बाईने जीभ टाळ्याला लावून आवाज केला. पेनीने मान वर उचलली आणि पुन्हा चालायला लागली. मी चौथ्याची वाट बघत चालत होतो. अर्धी फेरी झाली. पूर्ण झाली. काकांचा उजवा हात थरथरत होताच, पण बाकीचं अंग घोडीबरोबर सावकाश हलत होतं आणि ते त्याला हलू देत होते. ना धरत होते, ना खेचत होते, ना कुणाला काही दाखवत होते. बारा वर्षं मी त्यांना ओळखत होतो. त्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

तिसऱ्या फेरीत त्यांनी विचारलं, "कसा दिसतोय मी?"

मी वर पाहिलं. हेल्मेट एका कानावर कललेलं, पँट पोटरीपर्यंत वर गेलेली, खाली पांढरे मोजे, तोंड उघडं, चेहऱ्यावर लहान मुलाला पंगतीत आधी वाढल्यावर येतो तसा आनंद.

"भिंतीवर लावण्यासारखे," मी म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, "पाचवा?"

"पाचवा."

त्या ऑक्टोबरपर्यंत आम्ही आणखी सहा वेळा गेलो. एस्टेट सेलचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि आठवडाभरात काका गेले. ज्या रस्त्यावर माझी गाडी घसरली होती त्याच रस्त्याने, बर्फातून, मी हॉस्पिटलला गेलो. स्टिअरिंग कसं धरलं होतं ते मला आठवत नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी केतकीने फोटो निवडला, रिटायरमेंटच्या पार्टीतला, सूटमधला. काकूंनी तो बघितला आणि अल्बममध्ये परत ठेवला. मग त्यांनी भिंतीवरच्या गणपतीला हळदकुंकू वाहिलं, त्याच्यासाठी नवी चौकट काढून ठेवली आणि ती काळी चौकट माझ्यापुढे धरली. मी उभ्या उभ्याच मागचे खिळे काढायला लागलो.

"थांब," काकू म्हणाल्या. "आधी खाली बस. नीट बघ. मग काढ."

मी बसलो. केतकी माझ्या शेजारी बसली. आम्ही खिळे एकेक करून काढले आणि आत नीट पाहिलं. गणपतीमागे पिवळा पडलेला पुठ्ठा होता, दुसरं काही नव्हतं. गणपती नव्या चौकटीत गेला. काकूंनी कुंपणाबाहेरून काढलेला फोटो केतकीने त्यांच्याच सांगण्यावरून प्रिंट करून आणला होता. कललेलं हेल्मेट, पांढरे मोजे, उघडं तोंड. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग हसली, आणि मग रडली. कोपऱ्यात, बाकीच्या चौघांसारखाच, मी काकांच्या पेन्सिलने बारीक आकडा घातला.

काकूंनी चौकट रांगेतल्या रिकाम्या खिळ्याला लावली. मागे सरकून बघितलं, एका बाजूने थोडी खाली होती ती सरळ केली.

"बसले एकदाचे एका जागी," त्या म्हणाल्या.